सावली मोठी करणाऱ्या मुली

परवा कडेगावच्या पेठेत एका किराणा दुकानात मी एक उद्योग केला. साखर मोजायच्या काट्यावर आधी क्रिकेटचा लाल चामडी चेंडू ठेवला. काटा म्हणाला १५९ ग्रॅम. तो उचलून हॉकीचा पांढरा, प्लॅस्टिकचा, टणक चेंडू ठेवला. काटा म्हणाला १६१. दुकानदारानं दोन्ही चेंडू हातात घेऊन पाहिले आणि विचारलं, "रंग वेगळा, माल वेगळा, खेळ वेगळा, मग वजन एकच कसं?"

अगदी नेमका प्रश्न! आणि त्याचं उत्तर दीडशे वर्षांपूर्वीच्या एका हिवाळ्यात आहे. १८७० च्या दशकात लंडनजवळच्या टेडिंग्टन क्रिकेट क्लबातली मंडळी थंडीत रिकामी बसायची. हात शिवशिवत होते म्हणून त्यांनी हॉकी खेळायला घेतली आणि चेंडू कुठला वापरला? घरात होता तोच, क्रिकेटचा. त्या एका सोयीतून हॉकीच्या चेंडूचं वजन ठरून गेलं. आजही नियमाच्या पुस्तकात क्रिकेटचा चेंडू साधारण १५६ ते १६३ ग्रॅमचा आहे आणि हॉकीचाही १५६ ते १६३.

गंमत इथंच थांबत नाही. त्याच काळात, ३ मार्च १८७५ ला, कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात पहिल्यांदा छपराखालच्या बर्फावर हॉकीचा रीतसर सामना झाला. बंदिस्त जागा, कडेला बसलेले लोक. गोल चेंडू उडून कुणाच्या कपाळाला बसला तर? म्हणून त्यांनी लाकडाची चपटी चकती घेतली. ती उसळत नाही, नुसती घसरते. पुढं तिचीच कडक रबराची 'पक' झाली. आणि आजच्या पकचं वजन किती असावं? १५६ ते १७० ग्रॅम! तीन खेळ, तीन आकार, पण मुठीत घेतलं की सारखाच भार.

आता हा भार मुठीत आहे असं समजा आणि पुढची कल्पना करा. हीच वस्तू ताशी ९० किलोमीटरनं तुमच्या दिशेनं सुटलीय. तुम्ही काय कराल? बाजूला व्हाल, हात डोक्यावर घ्याल, डोळे मिटाल. शहाणा माणूस हेच करतो.

काही माणसं मात्र तिच्याकडं धावत जातात. रोज जातात, सराव म्हणून जातात. त्यांना हॉकीत डिफेंडर म्हणतात. मातीवरची हॉकी असो, टर्फवरची असो की बर्फावरची, ही जात सगळीकडं एकच. आणि मला ज्यांच्याबद्दल सांगायचं आहे त्या मुली आमच्या कडेगावाहून विटा, मायणी, दहिवडी करत फलटणला गेलं की तिथल्या गावांत सापडतात.

आंतरराष्ट्रीय सामन्याच्या यादीत त्यांची नावं कशी छापून येतात ते आधी पाहा. अक्षता आबासो ढेकळे. वैष्णवी विठ्ठल फाळके. ऋतुजा दादासो पिसाळ. 'आबासो', 'दादासो'! आबासाहेब, दादासाहेब यांची ही खास आपल्या सातारा-सांगलीची रूपं. आपण ती लग्नपत्रिकेत वाचतो, ऊसबिलावर वाचतो. तीच नावं दक्षिण आफ्रिकेतल्या आणि ओमानमधल्या मैदानांवर निवेदकांनी जीभ सांभाळत उच्चारली. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. अक्षता वाखरीची (पंढरपूरजवळची, रिंगणाची वाखरी नव्हे, फलटण तालुक्यातली), वैष्णवी आसूची. ऋतुजाही फलटणचीच, पण ती गोल करणारी, फॉरवर्ड. पहिल्या दोघी गोल होऊ न देणाऱ्या. आपल्याला धनराज पिल्ले आठवतो, तो खडकीचा, वाऱ्यासारखा पुढं जाणारा. मागं थांबणाऱ्यांची नावं पटकन आठवतात का? म्हणूनच मला त्यांच्याकडं जरा थांबून पाहायचं आहे.

पहिलं नवल तर असं, की डिफेंडर सापडतो कसा? जिनं आयुष्यात स्टिक धरलेली नाही अशा पोरीकडं पाहून ही उद्या देशाचा बचाव सांभाळील हे कुणी कसं ओळखावं?

या मुलींच्या वाटेवर पुण्यातली क्रीडा प्रबोधिनी येते. राज्य सरकारची ही निवासी शाळा. तिच्या निवडीच्या शारीरिक चाचण्यांत मुलामुलींना खेळ येतो का हे कुणी विचारतच नाही. नऊ गोष्टी मोजतात. उंची, वजन. तीस मीटर धावायला किती वेळ लागतो. दहा मीटरच्या सहा येरझाऱ्या किती वेळात होतात. जागेवरून लांब उडी, जागेवरून उंच उडी. मेडिसिन बॉल किती लांब जातो. कमरेत किती लवचीकता आहे. आणि शेवटी आठशे मीटर. झालं! स्टिक नाही, चेंडू नाही, गोल नाही.

वरवर पाहिलं तर हे शेत न पाहता बियाणं निवडण्यासारखं वाटतं. पण त्या यादीतल्या दोन आकड्यांवर बोट ठेवा, तीस मीटरची धाव आणि दहा मीटरच्या येरझाऱ्या. थांबलेलं शरीर किती झटकन सुटतं आणि सुटलेलं किती झटकन थांबून उलटं वळतं, एवढंच ते सांगतात. डिफेंडरच्या आयुष्यातला मोठा भाग या दोन हालचालींत जातो, हे आपण पुढं पाहूच.

(कॅनडातही गोष्ट फार वेगळी नव्हती. बर्फावरच्या हॉकीतला सर्वांत थोर डिफेंडर म्हणून ज्याचं नाव घेतात तो बॉबी ऑर पॅरी साऊंड नावाच्या लहानशा गावचा. १९६१ मध्ये बोस्टनच्या संघाचे लोक भलत्याच पोरांना बघायला गेले होते आणि त्यांची नजर या १२ वर्षांच्या मुलावर खिळली. १८ व्या वर्षी, १९६६ मध्ये, तो त्याच संघातून व्यावसायिक मैदानात उतरला होता.)

दुसरं नवल स्टिकमध्ये आहे. हॉकीची स्टिक हातात घेऊन नीट बघा. एक बाजू सपाट, दुसरी गोलसर. चेंडूला गोलसर बाजू लागलेली चालत नाही. आणि ही सपाट बाजू प्रत्येक स्टिकला डावीकडंच असते. डावखुऱ्यांसाठी उलटी स्टिक? मैदानात चालतच नाही! म्हणजे जगातला प्रत्येक हॉकीपटू, घरी जेवताना डावखुरा असला तरी, मैदानावर उजवाच. चेंडू सगळे आपल्या उजव्या अंगाला ठेवून पळवतात आणि डाव्या अंगाला आला की मनगट फिरवून स्टिक उलटी करावी लागते. तिथं ताकद कमी आणि चूक जास्त.

आता दोघी समोरासमोर उभ्या करा. समोरून येणारीचा उजवा हात म्हणजे माझा डावा. ती ज्या बाजूला बळकट, त्याच बाजूला मी दुबळी! निसर्गानं नव्हे, एका सपाट फळीनं सगळा खेळ असा वाकडा करून ठेवलाय. बर्फावरच्या हॉकीत ही भानगड नाही, तिथं डाव्या-उजव्या दोन्ही स्टिका मिळतात.

मग डिफेंडरनं करावं काय? म्हैस गोठ्यात घालताना तुम्ही काय करता ते आठवा. तिच्या समोर उभं राहून ढकलत नाही. एका अंगाला उभे राहता, ती बाजू आपल्या अंगानं बंद करता आणि दुसरी मोकळी ठेवता. म्हशीला वाटतं आपण आपल्या मर्जीनं चाललोय. डिफेंडर नेमकं हेच करते. ती बरोब्बर समोर न राहता थोडी डावीकडं सरकून उभी राहते. दुबळी बाजू अंगानं बुजवते आणि उजवीकडं एक फट ठेवते. पुढून येणारी त्या फटीत शिरते, आणि तिथं सपाट फळी तिची वाट पाहत असते.

एवढंच नाही. या वेळी डिफेंडर मागं मागं चालत असते! अर्धवट आडवं अंग करून, गुडघे वाकवून, समोरच्या चेंडूवर डोळा ठेवून. मधूनच डाव्या हातानं स्टिक पुढं सुळकन टोचते, सापाच्या जिभेसारखी. दर वेळी चेंडू मिळावा म्हणून नाही, तर समोरची क्षणभर बिचकावी म्हणून. बर्फावरचे डिफेंडर तर पूर्ण वेगात उलटं घसरत जातात. आपण पाठमोरं चार पावलं चाललो तरी बांधाला ठेच लागते.

आणि पाय? पायाला चेंडू लागता कामा नये. गोलसमोरच्या अर्धगोलात, ज्याला सगळे 'डी' म्हणतात, डिफेंडरच्या पायाला चेंडू चाटून गेला की बहुतेक वेळा शिट्टी वाजते. हे ठाऊक असल्यानं पुढच्या खेळाडू मुद्दाम तुमच्या बुटावर चेंडू मारतात! शिट्टी वाजली की मिळतो पेनल्टी कॉर्नर. आता इथं जरा बसू या, कारण माझ्या मते अख्ख्या खेळात याहून अचाट दृश्य नाही.

पंच हात दाखवतो. बचाव करणाऱ्या संघातल्या सहा जणींना मध्यरेषेपलीकडं हाकलून देतात. उरतात पाच, गोलरक्षक आणि चार डिफेंडर. त्यांनी गोलरेषेच्या मागं उभं राहायचं. तयारीला ४० सेकंद. तेवढ्यात चेहऱ्यावर मास्क चढवायचा, गुडघ्यांना पॅड बांधायचे, हातमोजे घालायचे. एखाद्या घरात आग लागल्यावर जशी धांदल उडते तशी, पण सगळी मुकाट्यानं.

समोरच्या संघातली एक जण गोलच्या बाजूच्या मागच्या रेषेवरून चेंडू जोरात बाहेर ढकलते. 'डी'च्या टोकाला, गोलपासून पंधरा मीटरच्या आसपास, दुसरी तो थांबवते. तिसरी ड्रॅग फ्लिक मारते, म्हणजे चेंडू स्टिकच्या वाकणात घेऊन ओढत ओढत गोफणीसारखा भिरकावते. ढकलण्यापासून भिरकावण्यापर्यंत सगळा मामला जेमतेम दीड-पावणेदोन सेकंदांचा.

चेंडू ढकलला जातो त्याच क्षणी गोलरेषेमागून एक मुलगी सुटते. तिला पहिली रशर म्हणतात. ती कुठं धावते? थेट त्या गोफणीच्या तोंडाकडं! तेवढ्या वेळात उभ्या जागेवरून ती सात मीटरच्या आसपास जाते. आठवली का ती तीस मीटरची चाचणी? त्यातले पहिले सात मीटर इथं खर्ची पडतात.

पण धावायचंच कशाला? गोलमध्येच उभं राहून चेंडू अडवला तर?

आज रात्री घरात एक दिवा लावा आणि भिंतीसमोर हात धरा. हात भिंतीला टेकवला तर सावली हाताएवढीच. आता हात दिव्याकडं न्या. सावली वाढते. दिवा आणि भिंत यांच्या बरोब्बर मध्यावर आलात की सावली दुप्पट! हॉकीचा गोल ३.६६ मीटर रुंद. मुलीनं वाकून, स्टिक आडवी धरून, फार तर एक मीटर जागा झाकली असं धरा. गोलरेषेवर उभी राहिली तर एकच मीटर झाकला जाईल. पण सात मीटर पुढं गेली, म्हणजे अर्ध्या वाटेवर पोचली, की फ्लिक मारणारीच्या डोळ्यांना दोन मीटर गोल दिसेनासा होतो. निम्म्याहून जास्त! एकटी मुलगी, दीड सेकंद, आणि गोल निम्मा झाला. भूमितीच्या वहीतले ते समरूप त्रिकोण आठवतात? ते इथं मास्क घालून पळत असतात.

उरलेली बाजू गोलरक्षकानं घ्यायची. कुणी कुठली घ्यायची हे आधीच ठरलेलं असतं, कारण त्या क्षणी बोलायला वेळ नसतो. वेळ किती नसतो ते बघा. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर. फ्लिक सुटते तेव्हा रशर तिच्यापासून सातेक मीटरवर. चेंडू तिच्यापर्यंत पोचायला पाव सेकंदाहून किंचित जास्त. डोळ्यांनी पाहून हात हलवायलाच माणसाला सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. उरलं काय? काहीच नाही.

म्हणजे चेंडू पाहून ठरवायला वेळच नाही. सगळं ठरवून झालेलं असतं, ती सुटायच्या आधीच. चेंडू शेवटी कुठं जाणार, तिथून मागं मागं येत वाट कुठली, त्या वाटेवर आपण कुठं असायला हवं, असा तिचा हिशेब उलटा चालतो. आमच्या कडेगावच्या मोहरमला जे आले असतील त्यांना हे लगेच उमगेल. इथले गगनचुंबी ताबूत 'आधी कळस, मग पाया' या रीतीनं बांधतात. वरचा मजला आधी, मग त्याखालचा, मग त्याखालचा. बाहेरगावचा माणूस ते पाहून चक्रावतो. डिफेंडरचं डोकं तसंच चालतं. बाकी मैदान चेंडू निघाला कुठून ते बघत असतं. ती गोलच्या जाळ्यापासून सुरुवात करते.

हे डोकं घडायला वेळ लागतो. पळण्याचा वेग पंधराव्या वर्षीही असतो, पण उलटा हिशेब शेकडो सामने पाहून, हजारो फ्लिक अंगावर घेऊनच बसतो.

अक्षता आणि वैष्णवी या दोघींची पहिली मोठी परीक्षा झाली एप्रिल २०२२ मध्ये, दक्षिण आफ्रिकेतल्या पॉचेफस्ट्रूम इथल्या ज्युनिअर विश्वचषकात. दोघी संघात होत्या. भारतानं वेल्सला ५-१, जर्मनीला २-१, मलेशियाला ४-० हरवलं. उपांत्यपूर्व फेरीत कोरियाला ३-०. चार सामन्यांत अंगावर फक्त दोन गोल! मग नेदरलँड्सनं ३-० नं अडवलं, आणि तिसऱ्या जागेसाठी इंग्लंडशी २-२ अशी बरोबरी होऊन गोष्ट शूटआउटवर गेली.

शूटआउटमध्ये आठ सेकंद, एक खेळाडू, एक गोलरक्षक. बस्स. डिफेंडर नावाची गोष्ट तिथं नसतेच! सबंध स्पर्धाभर जाळ्यासमोर उभं राहिलेल्या मुलींना शेवटचे आठ-आठ सेकंद लांबून बघत राहायचं. भारत चौथा आला. मी तो सामना पाहताना त्या लांब उभ्या मुलींकडंच बघत होतो. आजही आठवलं की पोटात कालवतं.

दोनच महिन्यांनी, जून २०२२ मध्ये, डब्लिनला २३ वर्षांखालील पाच देशांची स्पर्धा झाली. तिथं भारताची कर्णधार होती आसूची वैष्णवी. पुढच्या वर्षी ती थोरल्या संघातून हांगझोऊच्या आशियाई खेळांत गेली; ७ ऑक्टोबर २०२३ ला जपानला २-१ हरवून कांस्य आलं. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये बिहारमधल्या राजगीरच्या आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफीत ती बचावफळीत होती. या स्पर्धेचे आकडे मी घरी भिंतीवर लावावेत अशा योग्यतेचे आहेत. सात सामने, प्रत्येकी ६० मिनिटं, एकूण ४२० मिनिटं. भारतानं केलेले गोल २९. भारतावर झालेले गोल? दोन. दोन्ही कोरियाचे, एकाच सामन्यात. उरलेल्या सहा सामन्यांत मलेशिया, थायलंड, जपान आणि चीन यांच्यापैकी कुणालाही जाळं हलवता आलं नाही. अंतिम सामना चीनशी, १-०. गोल दीपिकाचा; वर्तमानपत्रांत फोटोही तिचाच, आणि तो रास्तच होता. पण त्या '०' मध्ये किती जणींचे गुडघे खरचटले असतील!

अक्षताची वाट मात्र एका वेगळ्याच मैदानाकडं वळली, आणि तिथं आपली गोष्ट फिरून बर्फापाशी येते.

'हॉकी फाइव्ह्ज' नावाचा नवा प्रकार आहे. प्रत्येक बाजूला पाच जणी, लहान मैदान, दहा-दहा मिनिटांचे दोन डाव. 'डी' नाही, पेनल्टी कॉर्नर नाही. आणि मैदानाभोवती फळ्या! चेंडू बाहेर जातच नाही, फळीवर आपटून परत खेळात येतो. बर्फावरच्या हॉकीत हेच असतं. तिथला डिफेंडर कोपऱ्यातल्या फळीवरून पक कुठल्या कोनात परत येईल याचा अंदाज बांधत आयुष्य काढतो. कॅरम खेळणाऱ्याला हे सांगायला नको: सोंगटीपेक्षा रिबाउंडकडं लक्ष हवं. पण इथं कॅरम बोर्डवर तुम्हीच उभे असता आणि स्ट्रायकर १६० ग्रॅमचा असतो.

म्हणजे वाखरीची मुलगी, जिच्या आडनावातच शेतातली ढेकळं आहेत, ती मातीवरून टर्फवर आली आणि टर्फवरून अशा मैदानात, जिथला बचाव कॅनडातल्या बर्फावरच्या बचावाचा सख्खा भाऊ. ऑगस्ट २०२३ मध्ये ओमानमधल्या सलालाह इथं हॉकी फाइव्ह्जचा आशिया चषक झाला. अंतिम सामन्यात भारतानं थायलंडला ७-२ हरवलं. जानेवारी २०२४ मध्ये मस्कतला या प्रकारातला महिलांचा पहिलाच विश्वचषक भरला. दहा जणींच्या भारतीय संघात फलटण तालुक्यातल्या दोघी: बचावात अक्षता, पुढं ऋतुजा. संघ अंतिम फेरीत पोचला, दक्षिण आफ्रिकेला ६-३ हरवून. शेवटी नेदरलँड्सपुढं २-७ अशी हार झाली आणि रौप्य मिळालं. पहिल्याच विश्वचषकात! दहातल्या दोघी एकाच तालुक्याच्या, हे गणित मी पुन्हा पुन्हा करून पाहतो आणि दर वेळी तितकाच चकित होतो.

मग २०२५ च्या जानेवारीत महिलांची पहिली हॉकी इंडिया लीग आली आणि या मुलींच्या पिढीला या खेळातून व्यावसायिक म्हणून पैसे मिळवण्याचा रस्ता देशातच उघडला. २६ जानेवारीला रांचीत अंतिम सामना. ओडिशा वॉरियर्सनं सूरमा क्लबला २-१ हरवलं, आणि दोन्ही गोल ऋतुजा दादासो पिसाळचे. फलकावर तिच्या नावापुढं मिनिटं छापली गेली: २० आणि ५६. अडवलेल्या चेंडूंची मिनिटं कुठंच छापत नाहीत.

म्हणून एक करा. पुढच्या वेळी टीव्हीवर पेनल्टी कॉर्नर दिसला की चेंडू ढकलणारीकडं बघू नका, फ्लिक मारणारीकडंही नको. गोलरेषेच्या मागं मास्क घालून वाकलेल्या चौघी दिसतील. त्यांतल्या एकीचा पुढचा पाय रेषेला अगदी खेटून असेल, टाच उचललेली, स्टिक जमिनीलगत. तिच्याकडं बघा. चेंडू सुटायच्या आधी अर्धा श्वास ती अगदी निश्चल होते.